कैलास कोणी हलवला? वेरूळचा रावण, पाथरवट आणि एलियनवाले व्हिडिओ

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. भाषा बोलली तशीच ठेवली आहे, फक्त "म्हणजे" आणि "बेसिकली" जरा कमी केलेत.)

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आजचा भाग वेरूळवर आहे, आणि तो बऱ्याच जणांनी मागितला म्हणून आहे. मागितला म्हणजे काय, तुम्ही मला व्हिडिओ पाठवलेत. गेल्या दोन महिन्यांत एकाच प्रकारचे नऊ व्हिडिओ. मागे ढॅण-ढॅण म्युझिक, ड्रोनमधून कैलास लेणं, आणि एक जड आवाज: "हे माणसाने बांधणं शक्यच नाही." मग परग्रहवासी. किंवा हरवलेलं तंत्रज्ञान. किंवा दगड वितळवणारं यंत्र. शेवटी "तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा."

तर मी कमेंटमध्ये न सांगता इथे सांगतो.

माझं आजोळ कन्नड तालुक्यात आहे, तिथून वेरूळ म्हणजे शेजारच. लहानपणापासून सुट्टीत एक चक्कर ठरलेली: घृष्णेश्वराचं दर्शन, बाहेर भेळ, आणि मग "चला, आता आलोच आहोत तर लेणी पण बघू." हे "लेणी पण" मला आता फार खटकतं. चौतीस लेणी आहेत तिथे. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. आणि आपण पार्किंगमधून सरळ सोळा नंबरमध्ये घुसतो, हत्तीजवळ फोटो काढतो आणि पस्तीस मिनिटांत बाहेर. भेळेला जास्त वेळ दिलेला असतो.

आज मी दोनच गोष्टी करणार आहे. एक, तिथल्या भिंतींवरच्या गोष्टी वाचायच्या कशा, ते सांगणार. आणि दोन, हे केलं कोणी, याचा हिशोब मांडणार. दोन्ही एकाच शिल्पापाशी येऊन भेटतात, पण ते पुढे.

आधी वाचायचं कसं.

समजा तुम्हाला एक अख्खी गोष्ट सांगायची आहे आणि तुमच्याकडे फक्त एक फ्रेम आहे. व्हिडिओ नाही, कॅरोसेल नाही. एक फ्रेम, आणि तीही दगडात, म्हणजे नंतर बदलता येणार नाही. तुम्ही गोष्ट कुठे पॉज कराल? आपण यूट्यूबला थंबनेल निवडतो ना, तोच प्रश्न. प्रत्येक शिल्पपटासमोर उभं राहून मी आता हेच विचारतो: या माणसाने पॉज कुठे केलंय?

पंधरा नंबरच्या लेण्यात जा. दशावतार लेणं. दुमजली आहे, वरच्या मजल्यावर जायचं. हे बहुतेक लोक चुकवतात, कारण पायऱ्या चढाव्या लागतात. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख याच लेण्यात आहे. वर गेलात की उजव्या हाताच्या भिंतीवर विष्णूच्या गोष्टी, डाव्या हाताच्या भिंतीवर शंकराच्या. उजवीकडे आत शेवटी नृसिंह आहे.

आता नृसिंह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कॅलेंडरवालं चित्र. मांडीवर हिरण्यकशिपू आडवा, पोट फाडलेलं, आतडी गळ्यात. म्हणजे गोष्ट संपलेली. इथे तसं नाही. इथे हिरण्यकशिपू उभा आहे. हातात ढाल आहे, तलवार आहे. नृसिंह त्याच्यावर झेपावलाय, धरलंय त्याला. पण तो अजून लढतोय. अजून त्याला वाटतंय की आपण जिंकू. वराची सगळी कलमं त्याने पाठ केलेली आहेत: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणूस नाही, पशू नाही. एकदम कडक अटी-शर्ती. आणि समोर जे उभं आहे ते त्या अटींमधली फट शोधून आलेलं आहे. शिल्पकाराने बरोबर तिथे पॉज केलंय. रक्त नाही दाखवलं. पुढचं तुमच्या डोक्यात होतं, म्हणून ते जास्त भीतीदायक आहे.

त्याच मजल्यावर मार्कंडेयाची गोष्ट आहे. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला मुलगा. वेळ संपते, यम येतो, फास टाकतो, आणि पोरगं शिवलिंगाला मिठी मारतं. पॉज इथे: लिंगातून शंकर बाहेर पडतायत आणि यमाला लाथ बसतेय. इथे आपल्याला कळतं की पोरगं वाचलं, पण त्याला अजून कळलेलं नाही. ही एका क्षणाची दरी आहे, आणि ती बाराशे-तेराशे वर्षं तशीच राहिली आहे.

एकवीस नंबरला रामेश्वर लेणं आहे, तिथे जरा हलकं वातावरण. शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. वर नवरा-बायकोचं चाललंय, आणि खाली शंकराचे गण नंदीला छळतायत. त्याची शेपटी वगैरे ओढणं चालू आहे. देवघरातली कार्टी. कुठल्या तरी शिल्पकाराच्या घरी चार पोरं आणि एक गरीब बैल असणार, याबद्दल मला शंका नाही. त्याच लेण्याच्या दर्शनी भागात गंगेची मूर्ती आहे, मगरीवर उभी. तिच्यावर मी काही बोलत नाही. तिथे दोन मिनिटं थांबा, बास.

आता मुख्य गोष्ट. रावण.

ही गोष्ट रामायणाच्या उत्तरकांडात येते. रावण तेव्हा अजून "रावण" नाही, दशग्रीव आहे. नुकताच सावत्र भाऊ कुबेराला हरवून त्याचं पुष्पक विमान घेतलेलं. म्हणजे नवी गाडी, तीही दुसऱ्याची. फुल्ल स्पीडने चाललाय आणि एका डोंगरापाशी विमान थांबतं. पुढे जाईना. नंदी येतो, म्हणतो, वर शंकर-पार्वती आहेत, इथून कोणालाही जाता येत नाही, परत फीर. नंदीचं तोंड त्याला माकडासारखं दिसतं. हा खदाखदा हसतो. नंदी शाप देतो की असल्याच तोंडाचे तुझ्या कुळाचा नाश करतील. झालं, आता डोकं फिरलेलं. डोकी दहा, म्हणजे फिरण्याचा खर्चही दहापट. म्हणतो, डोंगर आडवा येतोय ना, मग डोंगरच उपटतो. खाली शिरतो, वीस हात लावतो, आणि कैलास हलायला लागतो. वर गण घाबरतात, पार्वती शंकराला बिलगते. आणि शंकर? काही नाही. पायाचा अंगठा जरासा दाबतात. डोंगर खाली बसतो, हात अडकतात, आणि तो असा ओरडतो की तिन्ही लोक हादरतात. रव म्हणजे आवाज, आरोळी. त्यावरून नाव पडलं रावण. मग तो हजार वर्षं स्तुती करतो, शंकर प्रसन्न होतात, सोडतात, वर चंद्रहास तलवारही देतात.

मला ही गोष्ट एकाच कारणासाठी फार आवडते. अद्दल घडली, त्यातूनच नाव मिळालं, आणि बक्षीसही मिळालं. आपल्याकडच्या गोष्टी दुष्ट माणसाला इतक्या सरळ हिशोबात नाही बसवत.

आता बघा, वेरूळला ही एकच गोष्ट कितीदा कोरलीय. चौदा नंबरला आहे, त्या लेण्याचं नावच मुळी "रावण की खाई". पंधरा नंबरला आहे. एकवीसला आहे. एकोणतीसला, म्हणजे धुमार लेण्यात आहे. मुंबईजवळ घारापुरीला पण आहे, बरीच मोडलेली. रचना ठरलेली: खाली रावण, वर शंकर-पार्वती, मध्ये डोंगर. इतक्या वेळा केल्यावर त्यात नवीन काय करणार?

सोळा नंबरला जा. आत शिरलात की समोर गजलक्ष्मी. उजवीकडे वळा. मंदिराच्या दक्षिण बाजूला आधी रामायणाचा पट लागतो, कॉमिकच्या पट्ट्यांसारख्या एकाखाली एक ओळी. महाभारत दुसऱ्या बाजूला, उत्तरेला. रामायण ओलांडून थोडं पुढे गेलात की मंदिराच्या पायाशी एक खोल कोनाडा दिसतो. अंधारा. त्यात खाली रावण आहे. भिंतीला चिकटलेला नाही, जवळजवळ सुटा कोरलेला. गुडघ्यावर आहे, हात चारी बाजूंना पसरलेत. बरेच तुटलेत, पण जोर दिसतो. वर शंकर निवांत. पार्वतीने त्यांचा दंड घट्ट धरलाय. आणि मागे एक दासी पळतेय. तिची पाठ दिसते. ती अंधारात शिरतेय. मला तीच सगळ्यात खरी वाटते. देवांना माहीत आहे काय होणार. तिला नाही माहीत. भूकंप आला की माणूस पळतो.

पण नवीन काय? नवीन हे की या मंदिराचंच नाव कैलास आहे. कळतंय का? बाकीच्या लेण्यांत रावण कोरलेल्या डोंगराखाली आहे. इथे तो अख्ख्या मंदिराखाली आहे. त्याच्या डोक्यावर जे आहे ते चित्रातलं कैलास नाही, ते खरोखरचं आहे: मंडप, गाभारा, शिखर, सगळा अखंड दगड. शिल्पकाराने शिल्पाच्या चौकटीबाहेरची इमारतच गोष्टीत ओढून घेतली. तुम्ही वरच्या मंडपात उभे असाल तर त्या क्षणी तुम्हीही त्या गोष्टीत आहात. दासीसारखे.

हे मी माझ्या मावसभावाला तिथेच उभं राहून सांगत होतो. तो अकरावीला आहे, सायन्स. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग मोबाईल काढला आणि तोच व्हिडिओ दाखवला. म्हणाला, "दादा, ते सगळं ठीक आहे. पण हे माणसांनी केलंच कसं असेल? दोन लाख टन दगड! छिन्नी-हातोड्याने? शक्यच नाही."

प्रश्न चांगला आहे. त्याला हसायचं नाही. उत्तर म्हणून एलियन आणणं, ते मात्र आळशीपणाचं आहे. म्हणून आम्ही खाली बसलो आणि मोबाईलच्याच कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. तुम्हीही करा.

खड्डा साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ ४,००० चौरस मीटर. मागचा कडा साधारण ३३ मीटर उंच. पुढे टेकडी उतरती आहे, तिथे उंची कमी. सरासरी २० मीटर धरू. झाले ८०,००० घनमीटर. त्यातून मंदिर आणि बाकीचं जे उभं ठेवलंय ते वजा करा, ढोबळमानाने ७०,००० राहू द्या. बेसाल्टचा एक घनमीटर म्हणजे पावणेतीन टनांच्या वर. गुणाकार केला की साधारण दोन लाख टन येतात. म्हणजे व्हिडिओतला आकडा बरोबर आहे. पुढचा निष्कर्ष नाही.

७०,००० घनमीटर म्हणजे जवळपास २५ लाख घनफूट. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी हिशोब करताना एक माणूस दिवसाला ४ घनफूट दगड फोडतो असं धरलं होतं. आपण तेच धरू. २५ लाख भागिले ४, म्हणजे सव्वासहा लाख दिवसांचं काम. २५० माणसं लावली तर अडीच हजार दिवस. पाऊस आणि सणवार वगळून वर्षाला ३०० दिवस काम धरलं, तर आठ वर्षं आणि थोडं. ढवळीकरांचा स्वतःचा अंदाज आहे २५० मजूर, साडेपाच वर्षं. माझं गणित जरा जास्त ढिसाळ आहे, पण दोन्ही उत्तरं एकाच गल्लीत राहतात. ज्याच्या काळात मुख्य काम झालं असं मानलं जातं, तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण साधारण इ.स. ७५६ ते ७७३ राज्य करत होता. सतरा वर्षं. बसतंय की!

भाऊ म्हणाला, "आणि चार घनफूट जास्त धरले असतील तर?" मी म्हटलं, दोन कर. मग माणसं ५०० लागतील. ४,००० चौरस मीटरचा खड्डा आहे, ५०० माणसांना प्रत्येकी आठ चौरस मीटर मिळतात. आपल्या ऑफिसात एवढी जागा टीम लीडला पण मिळत नाही.

बाकी हा हिशोब फक्त दगड फोडण्याचा आहे. मूर्ती कोरणं वेगळं, ती कुशल माणसं वेगळी, तो वेळ वेगळा. आणि सगळं एका राजाच्या काळात पुरं झालं असंही नाही, भर नंतरही पडत गेली. शिवाय मजुरांमागे किती माणसं! आमच्या गावाकडे पाटे-वरवंटे करणारे एक पाथरवट काका रस्त्याकडेला बसतात. त्यांना मी मुद्दाम विचारलं की दिवसाचा किती वेळ प्रत्यक्ष दगडावर जातो. ते म्हणाले, "टाकी बोथट होती ना बाबा. काळा दगड हाय ह्यो. निम्मा जीव टाक्या पाजवण्यातच जातो." आता विचार करा, ५०० टाक्या रोज. म्हणजे लोहार हवेत, भाते हवेत, कोळसा हवा, कोळशासाठी लाकूडतोडे हवेत. दोरखंड, टोपल्या, पाणी, भाकऱ्या. माझ्या क्षेत्रात पण असंच आहे, कोड लिहिणारा एक आणि त्याच्यामागे सर्व्हर सांभाळणारे, टेस्ट करणारे, पगार करणारे. फक्त आमच्याकडे चुकलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते. इथे शिखर आधी कोरलं जातं, मग भिंती, मग पाया. तीन बाजूंनी चर खणून मधला ठोकळा सुटा केला आणि वरून खाली उतरत गेले. हत्तीची सोंड चुकून उडाली तर दुसरा दगड आणून लावायचा नाही.

"पण दगड गेला कुठे?" हा व्हिडिओवाल्यांचा हुकमाचा एक्का. मंडळी, ही लेणी टेकडीच्या उतारावर आहेत. फोडलेला दगड म्हणजे चिपा आणि खडी, मोठे ठोकळे नाहीत. ७०,००० घनमीटर दोन मीटर जाडीने पसरला तर साडेतीन हेक्टर भरतात, नऊ एकरांच्या आत. एका बऱ्यापैकी शेतकऱ्याचं रान. आणि मराठवाड्यात काळ्या दगडाची खडी फुकट पडली असेल तर ती बाराशे वर्षं तशीच पडून राहील? आमच्या गावात रस्त्याच्या कामाची खडी दोन रात्री राहत नाही.

आणि पुरावा बघायचाय? मान वर करा. खड्ड्याच्या कड्यांवर टाकीचे घाव आहेत. ओळीने. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" हे आपण शाळेच्या गॅदरिंगपासून कंपनीच्या फेअरवेलपर्यंत सगळीकडे ऐकतो, पण खरे घाव जिथे समोर आहेत तिथे कोणी बघत नाही, सगळे हत्तीकडे.

अजून एक. यंत्राने केलेलं काम अर्धवट सुटत नाही, माणसाचं सुटतं. तमिळनाडूत कळुगुमलैला वेट्टुवन कोविल आहे, याच पद्धतीने वरून खाली कोरलेलं, साधारण त्याच शतकातलं. वरचा भाग पूर्ण, देखणा. खालचा तसाच दगडात अडकलेला. मामल्लपुरमला धर्मराज रथ आहे, तो त्याच्याही आधीचा. तिथेही वरचे मजले झालेत, तळमजल्याचं काम राहिलंय. म्हणजे पद्धत कशी होती याचा अर्धवट राहिलेला नमुना समोर उभा आहे. कैलास काही आकाशातून पडलेला नाही. त्याच्या थोडं आधी कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर झालं, चालुक्यांच्या राणी लोकमहादेवीने बांधलेलं. त्याचा आराखडा आणि कैलासाचा आराखडा शेजारी ठेवा, नातं दिसतं. राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हरवलं आणि त्यांची शैली उचलून डोंगरात कोरली. कोऱ्या पानावर सुरुवात नव्हती ही.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट पुढे सापडली. "हे माणसाचं काम नाही" असं म्हणणारे आपण पहिले नाही! वडोद्याला एक ताम्रपट सापडला, इ.स. ८१२ च्या सुमाराचा, राष्ट्रकूटांच्या गुजरातच्या शाखेतल्या कर्कराजाचा. त्यात या एलापुरच्या मंदिराचं वर्णन आहे. आशय असा: विमानातून जाणारे देव ते बघून थक्क झाले आणि म्हणाले, हे स्वयंभूच असणार, केलेल्या गोष्टीत एवढी शोभा येत नाही. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा एलियन व्हिडिओ. पण त्या ताम्रपटात पुढे अजून एक माणूस येतो, जो आपल्या व्हिडिओत कधीच येत नाही. स्थपती. ज्याने केलं तो. तो स्वतः बघतो आणि म्हणतो, अरे, हे मी केलं तरी कसं?

मला वाटतं हे वाक्य कुठल्याही कारागिराला कळेल. रात्री तीनला काम संपतं, सकाळी उघडून बघतो आणि वाटतं, हे मी लिहिलंय? पण ताम्रपटाने त्याला त्या वाक्यात जागा दिली. देव चकित झाले, तोही झाला, पण करणारा तोच आहे.

आणि आपल्या मराठीतही एक गोष्ट आहे. कृष्ण याज्ञवल्की याच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या ग्रंथात ती येते. राजा आजारी. राणी नवस बोलते की राजा बरा झाला तर शंकराचं मंदिर बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता पंचाईत! मंदिर बांधायला वर्षं लागणार, राणी तोवर जगणार कशी? सगळे कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर येतो, म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात करतो. शिखर आधी! राणी जेवते. राणीच्या नावावरून मंदिर माणिकेश्वर.

इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. आठवड्यात काही होत नाही. पण बघा ना, दंतकथेने काय लक्षात ठेवलंय: वरून खाली कोरलं, ही तांत्रिक गोष्ट. कारागिराचं गाव आणि नाव. आणि एक उपाशी बाई. एलियनवाल्या गोष्टीत यातलं काय उरतं? गाव नाही, नाव नाही, भूक नाही, टाकी नाही. मला दंतकथेचं वावडं अजिबात नाही, उलट मी त्यासाठीच जातो. पण ज्या गोष्टीत करणाऱ्याचे हात काढून टाकलेत, ती मला दंतकथाही वाटत नाही. ती चोरी वाटते. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकणं आपण ऑफिसात सहन करत नाही. मग काम करणाऱ्याचं नाव पुसून तिथे कोणाचंच न टाकणं तरी का सहन करायचं?

भावाला पटलं का, विचारतील काही जण. तो म्हणाला, "गणित पटलं. पण व्हिडिओला चाळीस लाख व्ह्यूज आहेत दादा, तुमच्या पॉडकास्टला किती?" (मी इथे काहीही बोललेलो नाही, एडिट करू नका.)

बरं, जाणार असाल तर थोडं कामाचं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, दरवर्षी कोणीतरी मंगळवारी जातंच. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो. पाणी जवळ ठेवा. माझा क्रम असा: आधी लांबचं एकोणतीस, मग एकवीस, पंधरा, चौदा, आणि सोळा सगळ्यात शेवटी. रावण चार वेळा बघून झाल्यावर पाचवा बघितला की फरक कळतो. आधीच सोळा बघितलंत तर बाकीच्यांवर अन्याय होतो. अर्थात बौद्ध आणि जैन लेण्यांना वेगळा दिवस द्या, एका दिवसात उरकू नका. मोबाईलचा फ्लॅश मारू नका, कैलासाच्या छतांना अजून जुन्या रंगाचे आणि गिलाव्याचे तुकडे चिकटलेत. एकेकाळी हे सगळं रंगवलेलं होतं, गावातले लोक त्याला रंगमहाल म्हणायचे. आणि ज्यांना भिंतीवर बदाम काढून नाव लिहायची हौस आहे, त्यांनी पेपर घ्या, पेन घ्या, घरी लिहा.

हो, आणि सोळामध्ये त्या कोनाड्यापाशी गेलात की एक करा. रावणाचे फोटो सगळे काढतात. तुम्ही मागे बघा, वर, उजेड संपतो तिथे. ती पळणारी दासी सापडली की मला फोटो पाठवा. इन्स्टाच्या बायोमध्ये लिंक आहे. पुढचा भाग घारापुरीवर, लाँच चुकू नये म्हणून काय करायचं तेही सांगतो. चला, भेटू.